नानांचं मागचं नाटक

आमच्या घरात भरीत-भाकरी खाताना लंडनच्या गप्पा चालायच्या. तेसुद्धा आजचं लंडन नव्हे, दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं. नाना, म्हणजे माझे वडील, धुळ्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. जामनेरकडच्या खेड्यातून शिकून वर आलेला माणूस, पुण्याच्या पलीकडे कधी पाऊल टाकलं नाही, पण लंडनच्या थिएटरात कोण कुठे बसायचं हे त्यांना इथल्या पाचव्या गल्लीतल्या दुकानांसारखं पाठ होतं. त्यांचा जन्मभराचा विषय एकच. तिकडे त्या काळी पाच अंकी गंभीर नाटक झालं की लोक घरी जात नसत. त्याच्यामागून एक छोटं विनोदी नाटक व्हायचंच. आधी राजे मरायचे, राण्या विष घ्यायच्या, रंगमंचावर प्रेतांचा खच पडायचा, पडदा पडायचा. मग मध्ये थोडं गाणं-नाचणं, आणि पडदा पुन्हा वर गेला की तीच मेलेली राणी मोलकरीण होऊन हातात झाडू घेऊन यायची आणि लोक हसून लोळायचे. काही लोक तर मोठं नाटक अर्धं उरलं की निम्म्या तिकिटात आत शिरायचे, केवळ या शेवटच्या गमतीसाठी. नाना हे इतक्या रंगात येऊन सांगायचे की त्यांच्या हातातला घास तसाच वाळायचा. आई एकदा म्हणाली, "मेलेली बाई अशी उठून केर काढते, लोकांना काही वाटत नाही?" नाना म्हणाले, "वाटतं म्हणूनच तर." आईनं त्यांच्या ताटात वांग्याचं भरीत वाढलं आणि म्हणाली, "आता जेवा."

घर तीन खोल्यांचं, भाड्याचं. पुढच्या खोलीत नानांचा टाइपरायटर दिवसभर खडखडायचा, मागच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी होती तिचा घरघराट, आणि या दोन्हींच्या मध्ये आईचं स्वयंपाकघर. आई बोलायला कमी. तिचं माहेर दोंडाईच्याजवळचं, बोली अहिराणी. पण नानांची इच्छा मुलांच्या कानावर शुद्ध पडावं अशी, म्हणून ती आमच्याशी जपून, शब्द निवडून बोलायची. माहेरचं माणूस दारात आलं की मात्र तिची जीभ सुटायची आणि आम्ही दोघं भावंडं बघत राहायचो, की ही एवढी बोलकी बाई इतके दिवस कुठे होती. तिचं आणि माझ्या अक्कामावशीचं तर विचारूच नका. अक्का तिची थोरली बहीण, यावलच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला केळीच्या बागेत दिलेली. यांची आई लवकर गेली, म्हणून माझ्या आईला अक्कानंच कडेवर वागवलं होतं. दोघी बहिणी भेटल्या की आधी गळ्यात पडून रडायच्या, मग त्याच दमात हसायच्या. सुखाचं निमित्त असो की दुःखाचं, रीत तीच.

दरवर्षी कॉलेजच्या स्नेहसंमेलनात नाना आपल्या लंडनची हौस भागवून घ्यायचे. आधी एक गंभीर एकांकिका आणि तिच्यामागून एक फार्स. फार्स इंग्रजीवरून उचललेला, पण त्यातला सावकार कापसाचा अडत्या व्हायचा आणि नोकर हमखास अहिराणी बोलायचा. घरात आम्ही त्याला 'मागचं नाटक' म्हणायचो. त्यात नोकराचं काम म्हणजे माझा दादा. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, त्याच कॉलेजात. अभ्यासात यथातथा, पण स्टेजवर नुसता उभा राहिला तरी पोरं शिट्ट्या मारायची. नोकराची बोली त्यानं आईकडूनच उचलली होती. तालमी आमच्या पुढच्या खोलीत चालायच्या. थंडीचे दिवस, आई तुरीच्या काड्यांवर वांगी भाजायची, धूर सगळ्या घरात. दहा-बारा पोरं डोळे चोळत, खोकत संवाद म्हणायची आणि भरिताच्या वासानं मध्येच विसरायची. मी हातात वही धरून कोण कुठे अडतं ते सांगायची. त्या वर्षीचा फार्स असा होता: अडत्याची श्रीमंत, तापट आत्याबाई गावाहून येणार म्हणून घरात धावपळ, ती वेळेवर पोचत नाही, म्हणून पुतणीचं लग्न जमवायला नोकरच लुगडं नेसून आत्याबाई होतो. लुगडं आईनं आपलं जुनं दिलं होतं, हिरवं, एका बाजूला ठिगळ लावलेलं.

दादा दोंडाईच्याहून मोटारसायकलवर येत होता. ट्रकनं उडवलं. मामाच्या घरचं लग्न होतं, आई-नाना आदल्या दिवशी परतले होते आणि दादा मागे राहिला होता. यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही. मला आठवतं ते एवढंच, की घर माणसांनी भरलं होतं आणि गिरणी बंद होती. गिरणीवाल्यानं आपणहून बंद ठेवली होती. मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं की आमच्या घरात घड्याळाचा आवाज येतो.

आई रडली नाही. सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बाकीच्या बायकांनी एवढा आकांत केला की त्यात एकीचा आवाज कमी आहे हे कळायला वेळ लागतो. आमच्याकडे दारावर, म्हणजे दुखवट्याला, येणाऱ्या बाईची रीत ठरलेली. पदर तोंडावर घ्यायचा, उंबऱ्यापासूनच गळा काढायचा, घरातल्या बाईच्या गळ्यात पडायचं, आणि मग दोघींनी सूर धरून, गेलेल्याचे गुण आठवत रडायचं. त्याआधी, आलेल्या बाईनं घरातलं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. बायका येत होत्या, गळा काढत होत्या, आईच्या गळ्यात पडत होत्या. आई लाकडासारखी बसून राहायची. त्यांचं रडणं आटोपलं की विचारायची, "चहा ठेवू?" उत्तरकार्य झालं, गंधमुक्ती झाली, पाहुणे गेले. ती स्वयंपाक करायची, वाढायची, निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत बसायची. स्वतः दोन घास खाऊन उठायची. समोरच्या सुमनकाकूंनी सरळ सांगितलं, "हिला रडवा कुणीतरी. हे आत राहिलं तर डोक्यात जाईल." डॉक्टरही वेगळं काही म्हणाले नाहीत. काकूंनी एकदा दादाचा शर्ट आणून तिच्या मांडीवर ठेवला. आईनं त्याची घडी घातली, कॉलर सरळ केली आणि कपाटात ठेवला. काकूच रडत घरी गेल्या. सगळ्यांचं लक्ष आईवर होतं. मीही रडले नव्हते, पण ते कुणी पाहिलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याचं काही वाटत नव्हतं. मी कॉलेजात जात होते, येत होते. जेवणाला चव नव्हती. मीठ जास्त आहे की कमी हेसुद्धा कळायचं नाही.

अक्का तेवढी आली नव्हती. ती त्याच सुमारास केळीच्या बागेत पाटात घसरून पडली होती, पाय मोडून प्लास्टरमध्ये होती. तिचा मुलगा येऊन गेला, तिचा निरोप घेऊन. आईनं निरोप ऐकला आणि म्हणाली, "तिला म्हणावं, पायावर भार देऊ नको."

संमेलन जवळ आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, या वर्षी नाना काही करणार नाहीत. एका संध्याकाळी जेवताना नाना म्हणाले, "नाटक होईल. दोन्ही होतील. मागचंही." जामनेरहून आत्या आलेली होती, नानांची बहीण, तिचा घास तोंडातच राहिला. "भाऊ, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? अजून आखाजीला पोराची घागर भरली नाही. घरात कढई चढली नाही. आणि तू लोकांना हसवायला निघालास?" आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं अक्षय्य तृतीयेला घागर भरेपर्यंत घरात तळण करत नाहीत. नाना म्हणाले, "लोकांना नाही." आत्या म्हणाली, "मग कुणाला?" नानांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आई आत तव्यावर भाकरी उलटत होती. ते खालच्या आवाजात म्हणाले, "तिला रडू येत नाही ना? मग हसू येऊ दे. काहीतरी येऊ दे." आत्यानं ताट बाजूला सारलं आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं निघून गेली. चुकीचं कोण होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. नानांकडे आयुष्यभर साठवलेलं एकच औषध होतं, ते त्यांनी काढलं. आता माझे गुडघे दुखतात तर येणारा-जाणारा प्रत्येकजण आपापलं तेल सांगतो, तसंच ते.

दादाचं काम करायला वर्गातलं एकही पोरगं तयार होईना. नाना माझ्याकडे आले. "तुला सगळं पाठ आहे ना?" मी म्हटलं, "आहे." "करशील?" मी म्हटलं, "करते." एवढंच बोलणं झालं. त्यांना जरा बरं वाटलं असावं, कारण लगेच सांगू लागले की तिकडे त्या काळी नट्या पुरुषांचे कपडे घालून कामं करायच्या आणि लोक मुद्दाम बघायला यायचे. मी ऐकून घेतलं. दादाची पँट मला लांब होत होती. आईनं मला स्टुलावर उभं केलं, खाली बसली, तोंडात टाचण्या धरल्या आणि पँटचे पाय दुमडून बघू लागली. टाचण्या काढून एकच वाक्य बोलली. "तुझी उंची त्याच्यापेक्षा कमी." मग मशीनवर बसून दोन्ही पाय शिवून दिले. टीप अगदी सरळ होती. मी ती पँट घातली, मला काही झालं नाही. घट्ट होते का, सैल होते का, एवढंच पाहिलं.

कॉलेजचा हॉल पत्र्याचा. मध्ये वाट, डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. आई येईल की नाही हे शेवटपर्यंत कुणाला माहीत नव्हतं. पहिली एकांकिका संपत आली तरी ती दिसेना. नाना पडद्याच्या फटीतून पुन्हा पुन्हा बघत होते. मधल्या वेळात, एक मुलगी पेटीवर गाणं म्हणत असताना, सुमनकाकू तिला हाताला धरून घेऊन आल्या आणि बायकांच्या बाजूला वाटेलगतच्या खुर्चीवर बसवलं. नाना माझ्याकडे वळले. इतक्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा काही पाहिलं. म्हणाले, "आली. आता नीट कर." मी मान हलवली. ज्यांना ही गोष्ट ऐकायला सोपी वाटते त्यांना मी सांगते, की हसवणाऱ्याला आनंद व्हावाच लागतो असं अजिबात नाही. माझ्या हातापायांना काम पाठ होतं, ते ती करत होती. पहिल्याच वाक्याला पोरं हसली. दुसऱ्याला टाळ्या पडल्या. मी प्रत्येक वेळी आईकडे बघायची. ती समोर बघत होती, स्वच्छ कोरड्या डोळ्यांनी, कुणी खिडकीतून रस्ता बघावा तशी.

असं करत आम्ही आत्याबाईच्या जागेवर आलो. अडत्या झालेला सुरेश कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे, आत्याबाई येणार कधी?" आणि मी, लुगडं पाठीमागे लपवून, दादाचं वाक्य टाकलं, "मालक, घाई करू नका. आत्याबाई येतीन आते."

तेवढ्यात हॉलच्या मागच्या दारातून गळा ऐकू आला. "व बहीन... व मन्ही बहीन... कोठे गया व तुना आंडोर..." अक्का होती. प्लास्टर निघालं तशी कुणाला न विचारता यावलहून निघालेली, जळगावला गाडी बदलून धुळ्याला पोचलेली. घराला कुलूप बघून तिनं सुमनकाकूंच्या सुनेला विचारलं, ती म्हणाली सगळी कॉलेजात नाटकाला गेलीत. बहिणीचं तोंड पाहून रडल्याशिवाय अक्का पाणी पिणार नव्हती, आणि बहीण जिथे आहे तिथे दार, असा तिचा सरळ हिशेब. ती रिक्षानं थेट हॉलवर आली. तोंडावर पदर, हातात काठी, एक पाय ओढत, आंडोर आंडोर, म्हणजे लेक लेक, म्हणत, मधल्या वाटेनं. सगळा हॉल मागे वळला आणि एकदम फुटला. लोकांना वाटलं आत्याबाई आली. काय एंट्री घेतली म्हणून पोरं बाकांवर उभी राहिली, शिट्ट्या, टाळ्या. पुढच्या रांगेत प्राचार्य रुमालानं डोळे पुसत हसत होते. अक्काला त्यातलं काही ऐकू गेलं नसावं. ती आईच्या खुर्चीशी पोचली, काठी टाकली आणि तिच्या गळ्यात पडली.

 आईच्या तोंडातून आवाज आला. मी तो आधी कधी ऐकला नव्हता. आणि शब्द आले ते तिच्या माहेरचे, आमच्याशी कधी न बोललेले. "अक्का व... मना आंडोर गया व अक्का..."

खानदेशातल्या बाईला खरा गळा आणि खोटा गळा यातला फरक सांगावा लागत नाही. उजव्या बाजूचं हसू रांगेरांगेनं थांबत गेलं. एकेकीनं डोक्यावरून पदर घेतला, काही जणी जागेवरच रडू लागल्या. डावीकडे पुरुष अजून हसत होते. सुरेश माझ्याकडे घाबरून बघत होता. विंगेत नानांच्या हातात पडद्याची दोरी होती, ते ती ओढणार हे मला दिसलं. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली, नको. पडदा पडला असता तर दिवे लागले असते, माणसं उठली असती, आईभोवती गर्दी झाली असती, कुणी पाणी आणलं असतं, कुणी शांत व्हा म्हटलं असतं, आणि ती पुन्हा गप्प झाली असती. मला हे विचार करून सुचलं असं मी म्हणणार नाही. मी पुढे झाले, स्टेजच्या डाव्या कडेला, आणि जेवढा आवाज होता तेवढ्यानं ओरडले, "मालक, आत्याबाई उन्यात, पन त्या बायकास्मा बसन्यात! तुम्ही तिकडे नका देखू, आठे देखा, मनाकडे देखा!" आणि तिथेच, सगळ्यांसमोर, ते हिरवं लुगडं पँटवरून नेसायला लागले, उलटं, पायात गुंतत, पडत. आत्याबाई आल्या, पण बायकांत बसल्या, तुम्ही इकडे बघा, हे ऐकून पुरुष माझ्याकडे वळले. मग मी त्यांना सोडलं नाही. नाटकात नव्हतं तेही केलं. पडले, उठले, अडत्याची टोपी घातली, सुरेशला कडेवर घ्यायला लावलं. अर्धा हॉल हसत होता, अर्धा रडत होता, आणि माझ्या आईचं रडणं त्या सगळ्या आवाजाखाली, कुणी न अडवता, चाललं होतं. नाना दोरी धरून उभे होते. त्यांचे ओठ माझ्या प्रत्येक वाक्याबरोबर हलत होते. मला अजूनही आत काही होत नव्हतं.

संपल्यावर मी तशीच खाली उतरले. दोघी बहिणी एकमेकींना टेकून बसल्या होत्या, तोंडं सुजलेली. अक्कानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पँट, त्यावर लुगडं, आणि म्हणाली, "पानी दे व पोरी." मी आणून दिलं. ती सगळा तांब्या प्यायली. नाना आले, हात जोडले. अक्कानंही जोडले. नाना आईला म्हणाले, "शेवट कसा झाला?" दुसरं काय बोलावं हे त्यांना सुचलं नसणार. आई म्हणाली, "मी पाहिला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का पुढच्या खोलीत झोपली होती, नाना कॉलेजात गेले होते. गिरणी चालू झाली होती. आई चुलीपुढे भाकरी थापत होती, मी पाटावर बसून चहा पीत होते. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "शेवट म्हणून दाखव मला." मी म्हटलं, "इथे?" ती म्हणाली, "हं." मी म्हणायला लागले. अभिनय वगैरे काही नाही, नुसतं पाठ म्हणावं तसं. लग्न जमतं, लुगडं सुटतं, नोकर पकडला जातो, अडत्या काठी उगारतो, आणि नोकर हात जोडून म्हणतो, "मालक, मारा. पन आधी जेवू द्या." मी ते वाक्य सलग म्हणून पुढे गेले. आईचा हात भाकरीवर थांबला. ती आपल्या बोलीत म्हणाली, माझ्याशी पहिल्यांदा, "नही. आठे तो जरासा थांबे. मारा म्हने, आनि थांबे."

सगळ्या तालमी तिनं आतून, धुरात बसून ऐकल्या होत्या. वही माझ्या हातात होती, पण ही जागा माझ्या लक्षात आली नव्हती. मी म्हटलं, "बरं." आणि पुन्हा म्हटलं, "मालक, मारा." आणि थांबले. तो थांबायचा तेवढंच थांबायचं होतं. पुढचं वाक्य मला येत होतं, पण ते काही केल्या तोंडातून निघेना. आई वाट बघत राहिली. मग तिनं तव्यावरची भाकरी उतरवली, पिठाचे हात पदराला पुसले आणि माझ्याजवळ येऊन बसली.